दुरुस्ती लांबव

४ फेब्रुवारी

ताई,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. खरोखर घालायला दुकानात जागा नाही, जिकडे तिकडे बंदुका उभ्या आहेत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद काढला. इथे तुला मध्येच तोडता येणार नाही.

तुमच्या देशातला तो बंदुकांचा कायदा आमच्या संसदेत मांडलाय. जसाच्या तसा. लोक म्हणतात, स्वल्पविरामसुद्धा बदललेला नाही. कारण तुझ्या कानावर आलं असेल. शेजारच्या गावात लाकडाची गिरणी आहे. तिथे एकानं जेवणाच्या सुट्टीत, डबे उघडलेले असताना गोळ्या घातल्या. गेलेल्यांत हिची शाळेतली मैत्रीण होती. पाचव्या दिवशी ही एकदम म्हणाली, "ती बंदूक तुमच्या दुकानातून गेली होती का?" नव्हती गेली. पण विचारलंन, हे माझ्या मनातून जात नाही.

पुढच्या महिन्यात गावच्या सभागृहात या कायद्यावर सभा आहे. गावचं म्हणणं ठरवून आमच्या आमदाराकडे... चुकलो, खासदाराकडे पाठवायचं आहे. मी गावातला एकटा बंदूक-दुरुस्तीवाला, म्हणून मला तज्ज्ञ ठरवलंय. मी विरोधात बोलणार हे सगळ्यांनी धरून ठेवलंय, आणि खरं सांगायचं तर मीही.

तुझं काय ते ऐकतो, पण आधी माझं ऐक. इथे घरटी एक बंदूक आहे, काही घरांत माणसांपेक्षा जास्त. कुणाकडे किती, याची कुठेही नोंद नाही. डोंगरातनं रानडुकरं उतरतात. पोलीस चौकी घाटापलीकडे, आणि चौकीत जो बसतो त्याच्याबद्दल न बोललेलं बरं. कुंपणच शेत खातंय, तिथे राखणीला कुंपण लावा म्हणणारा हा कायदा. गिरणीत गोळ्या घालणाऱ्यासारखा माणूस बंदूक सरकारजमा करणार नाही, आमचा शिंपी तेवढा मुकाट नेऊन देईल. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. दुसऱ्याच्या मापाचा कोट अंगात घालून माणूस रुबाबदार दिसत नाही ताई, चोरून आणल्यासारखा दिसतो.

तरी तू तिथे राहतेस. खरं सांग, चालतो का तो कायदा? वर्तमानपत्रातलं नको, तू पाहिलेलं सांग.

भाऊजींना नमस्कार. मासेमारीच्या गळांबद्दल लिहितो म्हणाले होते, अजून वाट बघतोय.

तुझा
खुडबुड्या

१९ फेब्रुवारी

खुडबुड्यास अनेक आशीर्वाद आणि एक टपली,

टपली फोनबद्दलच्या टोमण्याची. लहानपणी तू घड्याळ उघडून बसायचास आणि बोलायला मलाच लागायचं, ती सवय आहे.

मी पाहिलेलं सांग म्हणालास. तर ऐक. कायदा झाला तेव्हा आम्ही या शहरात नवे होतो. नदीकाठच्या एका उपाहारगृहात तसाच प्रकार घडला होता, तुमच्या गिरणीसारखा. पुढे काही आठवड्यांत सरकारनं सांगितलं, या या प्रकारच्या बंदुका परत आणून द्या, भरपाई मिळेल. तुला ठाऊक आहे, मी कवळ्या बनवते. आमच्या कार्यशाळेसमोरच सायकल शर्यतींचं मैदान आहे, तिथेच गोळा करायचं ठरलं. आम्ही सगळ्या जणी हातातली मेणाची दातांची माळ तशीच ठेवून खिडकीत. मला वाटलं होतं, कुत्रंही फिरकणार नाही.

अरे, रांग पुलापर्यंत गेली.

कोणी बोलत नव्हतं. सिनेमाला, दवाखान्यात, कुठल्याही रांगेत माणसं कुरकुरतात, इथे नाही. एक बाई बाबागाडी ढकलत आली होती, बाळाच्या पायाशी चादरीत गुंडाळलेली लांबलचक वस्तू. बाळ त्या गुंडाळीला लाथा मारत खेळत होतं. एक म्हातारे गृहस्थ, अंगात इस्त्रीचा कोट. त्यांची बंदूक मी जवळून पाहिली, कारण तोवर मी खाली उतरले होते. चकचकीत पुसलेली, तेल दिलेली. तुझ्या दुकानात येतो ना, तोच वास. मी न राहवून विचारलं, "मोडायलाच द्यायची तर एवढी पुसलीत का?" म्हणाले, "शेवटचं पोचवायला निघालो, बाई. मळकी कशी न्यायची?"

मैदानाच्या मध्यभागी यंत्र होतं. मी जन्मभर जबडे हाताळले, असा जबडा पाहिला नाही. एका बाजूनं बंदुका आत जायच्या, दुसरीकडनं वेडंवाकडं लोखंड पडायचं. त्याचा आवाज पायातून वर चढायचा. म्हाताऱ्यांनी टोपी काढली. मग मागच्या एकानं काढली, मग रांगेतल्या सगळ्यांनी, पार पुलापर्यंत. कोणी सांगितलं नव्हतं. माणसं एवढी मोठी होऊ शकतात हे मला माहीत नव्हतं.

बाकी नियम असे. बंदूक का हवी ते सांगावं लागतं, आणि 'भीती वाटते' हे कारण चालत नाही. शिकावं लागतं. कुलपाचं कपाट लागतं, ते बघायला माणूस येतो. थांबावं लागतं. घरच्यांना विचारतात. असं बरंच.

चालतो का म्हणशील, तर आमच्याकडे चालला. तुमच्याकडचं मी कोण सांगणार? उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं होईल.

हे बरे आहेत. झोपतात फार. गळांचं मी आठवण करते.

ताई

३ मार्च

ताई,

म्हाताऱ्याचं वाचून हातातली कानस खाली ठेवली. पुसलेली बंदूक त्या जबड्यात जाताना मला बघवली नसती. मी ओरडलोच असतो, "अहो, लाकडी दस्ता तरी काढून घ्या!" मग पुन्हा वाचलं. टोप्या काढल्या त्या भागाशी थांबून राहिलो.

पण ताई, तुमची ती रांग तुमच्या मातीत उगवली. सरकार सांगतं आणि माणसं पुलापर्यंत उभी राहतात, याचा अर्थ त्यांना वाटतं की सरकार पुढच्याही माणसाची बंदूक घेईल. आमच्याकडे प्रत्येकाला वाटतं, मी देईन आणि शेजारी ठेवून घेईल. तुमच्याकडून कायदा उचलून आणता येईल. तो विश्वास कुठल्या जहाजात भरून आणायचा?

सभेसाठी हे सगळं लिहून काढलंय. एकेक मुद्दा घासून धारदार केलाय.

काल जेवताना तुझं पत्र हिला वाचून दाखवत होतो. 'घरच्यांना विचारतात' आलं तेव्हा मला हसू फुटलं. म्हटलं, बघ, आता सरकार स्वयंपाकघरात येऊन बसणार! ही नाही हसली. ताटं उचलता उचलता थांबली आणि म्हणाली, "काय विचारतात? नेमकं काय विचारतात ते कळवा म्हणावं ताईंना."

तर कळव. मला सभेत विनोद करायला उपयोगी पडेल.

भाऊजी बंदरावर पुन्हा जायला लागले का? त्यांच्याबद्दल तू दोन वाक्यांच्या वर लिहीत नाहीस. भांडलात की काय?

खुडबुड्या

२२ मार्च

प्रिय भावा,

आज टपली नाही. बस आणि नीट वाच. तुझ्या बायकोलाही वाचून दाखव. तिनं विचारलं, म्हणूनच लिहितेय.

तुला ठाऊक आहे, हे बंदरावर क्रेन चालवायचे. त्या काचेच्या खोलीत, समुद्राच्या वर. खाली उतरले की चालणंही जरा राजासारखं असायचं. बंदर बंद झालं हे तुला सांगितलं होतं. त्यानंतर काय झालं ते सांगितलं नाही. काही झालंच नाही, तेच तर झालं. हे खुर्चीत बसले. दाढी वाढली. रेडिओ लावायचे आणि ऐकायचे नाहीत. मी कामावरून येई तेव्हा सकाळचा चहा तसाच, वर साय धरलेला.

मग एक दिवस दाढी करून बसलेले. म्हणाले, जुन्या मित्रांबरोबर शिकारीला जावं म्हणतो, परवान्याचा अर्ज केलाय. मला केवढा आनंद झाला! म्हटलं, माणूस घराबाहेर तर पडेल. मी शेजारणीला सांगितलंसुद्धा.

काही दिवसांनी एक बाई आल्या. पोलीस खात्यातल्या, पण साध्या कपड्यांत, माझ्याच वयाच्या, गुडघा दुखत असावा अशा चालीच्या. कपाट बघितलं, कुलूप बघितलं, ह्यांच्याशी गोड बोलल्या. मग म्हणाल्या, "आता मला बाईंशी एकटीशी बोलायचंय. तुम्ही जरा अंगणात थांबता?" हे गेले. बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या आणि मला विचारलं:

"ही बंदूक घरात आली तर तुम्हाला शांत झोप लागेल का?"

बस, एवढंच.

मी तोंड उघडलं 'हो' म्हणायला. तेवढ्यात खिडकीतून हे दिसले. अंगणाच्या मधोमध उभे होते. दोन्ही हात नुसते लोंबत होते. समोर झाड होतं, पण ते झाडाकडे बघत नव्हते, कशाकडेच नव्हते. आणि मला एकदम कळलं. ज्या मित्रांबरोबर शिकारीला जायचं म्हणाले, त्यातला एकही गेल्या वर्षभरात आमच्या घरी आला नव्हता.

मी म्हटलं, "नाही लागणार."

बाई म्हणाल्या, "तुम्हाला मारतात?"

"कधी बोटसुद्धा लावलं नाही. मला माझी भीती नाही. त्यांची आहे."

त्यांनी मान हलवली. धीर दिला नाही, उपदेश केला नाही. म्हणाल्या, परवाना मिळणार नाही, आणि तुम्ही काय बोललात ते आम्ही त्यांना सांगणार नाही. जाताना एका डॉक्टरांचं नाव सांगून गेल्या. मी तिथेच बसून राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, कर्ज, विमा, घरभाडं, किती कचेऱ्या किती प्रश्न विचारून गेल्या. तुला झोप लागेल का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःसुद्धा नाही. एवढं मोठं सरकार, आणि ते गुडघा धरत जिना चढून येतं आणि हे विचारतं!

ह्यांना मीच सांगितलं. लपवून संसार कसा करायचा? हे काही बोलले नाहीत, पुढे कित्येक दिवस नाही. मला वाटलं, संपलं, हा माणूस आता माझा राहिला नाही. मग एका रविवारी मी भाजी चिरत होते, हे मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "शिकारीला जायचंच नव्हतं मला." मी सुरी खाली ठेवली. म्हणाले, "परवाना आला असता तर ते झालंही असतं. तू नाही म्हणालीस, मग थांबावं लागलं. थांबलो तर जरा... राहूनच गेलं."

'राहूनच गेलं.' किराणा आणायचं राहून जावं तसं.

आता डॉक्टरकडे जातात. होड्या दुरुस्त करणाऱ्या एकाकडे थोडं काम करतात. वाईट दिवस येतात अजून, ते मी लपवणार नाही. कायद्याचंही लपवणार नाही. इथेही खून होतात. आमच्या मागच्या गल्लीत एकाकडे चोरून आणलेलं पिस्तूल सापडलं. कायद्यानं माणूस सुधारत नाही रे. मध्ये थोडा वेळ मिळतो, तेवढंच. पण त्या वेळात माझा नवरा आहे.

याचा विनोद करू नकोस. सभेत माझं नाव घेऊ नकोस. बाकी तुला योग्य वाटेल ते कर.

ताई

३० एप्रिल

ताई,

महिनाभर लिहिलं नाही, रागावू नकोस. तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. मग हिनं पत्र घडी करून मला परत दिलं आणि म्हणाली, "उद्या सभेत काय बोलणार आहात?" मी म्हटलं, माहीत नाही.

सभागृह गच्च. व्यासपीठावर डॉक्टर, मुख्याध्यापक आणि मी. माझी पाळी आली. मी माझे सगळे मुद्दे मांडले, एकही गाळला नाही, कारण एकही खोटा नव्हता. डुकरं, घाट, चौकी, संन्यासी. टाळ्या पडल्या. गॅरेजवाल्यानं तर शिट्टी मारली. मग मी म्हटलं, "एक राहिलं. त्या देशात परवान्याआधी घरच्या बाईला एकटीला विचारतात, ही बंदूक घरात आली तर तुला शांत झोप लागेल का?"

हशा पिकला. कोणी म्हणालं, "माझ्या बायकोला माझ्या घोरण्यानं लागत नाही, बंदुकीचं काय घेऊन बसलास!" पुन्हा हशा. मीही हसणार होतो ताई, सवयीनं. पण वरून मला सगळं सभागृह दिसत होतं. हसत होते ते पुरुष. बायका हसत नव्हत्या. एकही नाही. भिंतीलगतच्या बाकांवर बसलेल्या होत्या आणि कोणी कुणाकडे बघत नव्हतं. ज्या गावात जन्मलो ते गाव मी पहिल्यांदा पाहत होतो.

मतं पडली. गाव कायद्याच्या विरोधात. मीच तर मुद्दे दिले होते.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारावर पाटी लावली : 'दुरुस्त झालेली बंदूक न्यायला येताना घरच्या एका माणसाला सोबत आणावे.' कायदा नाही, काही नाही, माझ्या दुकानाचा नियम. लोक पिसाळले. शिंपी म्हणाला, डोकं फिरलंय. काहींनी घाटापलीकडच्या दुकानाची वाट धरली. मी म्हटलं, असो.

मग एका सकाळी बसचालकाची बायको आली. हातात चादरीत गुंडाळलेली बंदूक.

"दुरुस्तीला आणलीय."

मी उघडून बघितली. घोडा ठीक, चाप ठीक, नळी स्वच्छ. "काय बिघडलंय?"

"काही नाही."

"मग?"

ती म्हणाली, "तरी राहू दे इथे. आणि भाऊ, दुरुस्ती लांबव. नाहीतरी तुझं काम कधी वेळेवर झालंय?"

ताई, मला राग यायला हवा होता. मी बंदूक घेतली आणि मांडणीवर ठेवली. तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि गेली. दुपारी शिंप्याची बायको. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या आई, पंचाऐंशीच्या, काठी एका हातात आणि मुलाची बंदूक दुसऱ्या हातात, दोन्ही टेकत टेकत. मग चादरीच चादरी. फुलांच्या, चौकटीच्या, बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेली एक. सगळ्यांचं एकच पालुपद : काही बिघडलेलं नाही, दुरुस्ती लांबव. कोणी कोणाला सांगितलं, केव्हा ठरलं, मला ठाऊक नाही. हिला विचारलं तर ही भांडी घासत राहिली.

तुझी ती रांग पुलापर्यंत होती. माझी रांग दिसतसुद्धा नाही, एकेकटी येते. पण भिंती भरल्या, माळा भरला. सकाळी दुकान उघडतो आणि क्षणभर दारातच उभा राहतो. सगळं गाव तिथे झोपलेलं असतं.

आणि पुरुष? पाच-सात आले ओरडत. बाकीचे येतात, आत डोकावतात, आपली बंदूक भिंतीवर ओळखतात. मी म्हणतो, स्प्रिंग मागवलीय. ते म्हणतात, "हो का? होऊ दे सावकाश." बसचालक तर म्हणाला, "घाई नाही," आणि असा श्वास सोडलान की काउंटरवरचा कागद उडाला. मी त्यांना कमी समजलो होतो.

भाऊजींना काय सांगू? सांग की ते आहेत याचा मला फार आनंद आहे. चांगलं लिहिता येत नाही मला.

खुडबुड्या

१४ मे

खुडबुड्या,

तुझं पत्र मी कार्यशाळेत सगळ्यांना वाचून दाखवलं. तुमच्या त्या पंचाऐंशीच्या आजी आल्या तेव्हा आमची पॉलिशवाली मशीन बंद करून ऐकत उभी राहिली. आमच्याकडे सरकारनं येऊन विचारलं. तुमच्याकडे विचारायला कोणी आलं नाही, तर बायका उत्तर घेऊन स्वतःच चालत आल्या. मला वाटत होतं, आमचं मोठं. मला काय ठाऊक होतं?

पण एक विचारते, टोचेल. कुणी हटून बसला, तर? माझ्या पाठीशी कायदा होता. तुझ्या मांडणीपाठी काय आहे?

खाली दोन ओळी ह्यांच्या. मी सांगितलं नाही, स्वतःच पेन मागितलं.

खुडबुड्या, गळांचं राहिलं ते राहिलं. तुझ्या दुकानात जागा कमी पडत असेल तर छताला आकडे लाव, वजन वरून पेलायचं असतं. मी जन्मभर तेच केलं. आकडे मजबूत घे. — तुझा मेहुणा

बघितलंस? किती महिन्यांनी कुणाला काही शिकवलंय ह्यांनी!

ताई

२१ जून

ताई,

भाऊजींना सांग, आकडे लावले. अगदी मजबूत.

तुझा प्रश्न टोचला, कारण पत्र आलं त्याच आठवड्यात तो दारात उभा राहिला. गॅरेजवाला. भर दुपारी, रस्त्यात सगळे असताना. "माझी बंदूक काढ." मी म्हटलं, स्प्रिंग. तो म्हणाला, "स्प्रिंगची गोष्ट दुसऱ्याला सांग. माल माझा आहे." ही आतून आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. शांतपणे म्हणाली, "तुमच्या बायकोनं आणून दिलीय. तिला घेऊन या." तो म्हणाला, "तिला काय करायचं ते मी घरी बघतो."

ताई, मी बंदूक दिली. द्यावीच लागली. माल त्याचा, कायदा त्याच्या बाजूचा. पोलिसांना बोलावलं असतं तर त्यांनी मलाच चोर ठरवलं असतं. तो वळायच्या आत ही मागच्या दारानं निघाली होती. तो घरी पोचला तेव्हा घर रिकामं होतं. बसचालकानं गॅरेजवाल्याच्या बायकोला आणि मुलींना नेहमीच्या फेरीच्या बसमध्ये बसवून थेट तिच्या बहिणीच्या गावी सोडलं. मधल्या थांब्यांवर माणसं हात करत होती, बस थांबली नाही. सगळे सुखरूप आहेत.

मी सभेत म्हटलं होतं, विश्वास कुठल्या जहाजात भरून आणणार. विश्वास इथेच होता, चादरींत गुंडाळलेला. नव्हता तो कायदाच. मी खासदाराला लिहिलंय. माझे जुने मुद्दे सगळे लिहिले, कारण ते अजून खरे आहेत. तुमचा कोट जसाच्या तसा आम्हाला बसणार नाही. डुकरांसाठी जागा सोडा, चौकीतला माणूस बदला. पण ती एक बाही जशी आहे तशी ठेवा, घरच्यांना विचारण्याची, आणि 'नाही' आलं तर बंदूक न देण्याची. खाली ही, शिंप्याची बायको, मुख्याध्यापकांच्या आई, सगळ्यांच्या सह्या. बसचालकाचीही. हिवाळ्यात संसदेत पुन्हा चर्चा आहे. होईल की नाही, देव जाणे.

आता एक सांगतो आणि थांबतो.

गावावरच्या टेकडीवर पाण्याची टाकी आहे. तिथल्या माणसाला सगळे टाकीवालाच म्हणतात. सकाळ-संध्याकाळ पाणी सोडतो, तेवढीच त्याची गावाशी ओळख. गेल्या वर्षी त्याची बायको गेली. मूलबाळ नाही. परवा तो दुकानात आला. खांद्यावर बंदूक, गुंडाळायला चादर नाही. काउंटरवर ठेवली.

मी विचारलं, "काय झालंय हिला?"

"सगळ्या गावाच्या बंदुकांना झालंय तेच."

"मग घरचं कोणी..." म्हणालो आणि जीभ चावली.

तो म्हणाला, "तेच तर. बाकीच्यांना घरी विचारणारं कोणीतरी आहे. मला कोण विचारणार? म्हणून म्हटलं, तुझ्याकडं जावं. तू विचार."

मी कानस ठेवली. हात पुसले. असा प्रश्न तेलकट हातांनी कसा विचारायचा? त्याच्यासमोर नीट उभा राहिलो आणि विचारलं, "ही घरात असताना तुला शांत झोप लागते का?"

त्यानं उत्तर द्यायला वेळ घेतला. खरंच विचार करत होता. मग म्हणाला, "नाही रे," आणि ओझं घेऊन टेकडी चढून आलेला माणूस बसतो तसा स्टुलावर बसला.

मी बंदूक भाऊजींच्या आकड्याला टांगली. म्हटलं, "वेळ लागेल बरं का."

"किती?"

"सांगता येत नाही. तू असं कर, रोज येऊन विचारत जा, झाली का म्हणून."

ताई, तो रोज येतो. सकाळचं पाणी सोडून झालं की टेकडी उतरतो, दारात उभा राहून विचारतो, झाली का? मी म्हणतो, अजून नाही. तो म्हणतो, बरं, आणि आत येऊन बसतो. काल बसायला स्वतःची खुर्ची घेऊन आला.

तुझा
खुडबुड्या